शिवणयंत्राची घंटा

तीर्थरूप मामांस,

वाकून नमस्कार. (कॉलेज अर्धवट सोडल्याचा राग अजून असेल, तर आणखी थोडा वाकतो.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत आहेत, फक्त माझ्याशी कोणी बोलत नाही.

त्याचं कारण म्हणजे माझा शोध. शिवणयंत्राच्या बॉबिनमधला, म्हणजे खालच्या छोट्या रिळातला, दोरा संपला की शिवणाऱ्याला कळतच नाही, सुई नुसतीच कापडाला भोकं पाडत जाते. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या मुलीची ही फजिती मी रोज पाहत होतो (रोज का, ते विचारू नका, माझ्या शर्टाची बटणं फार तुटतात). म्हणून मी मशीनला घंटा बसवली आणि पेटंट एजंटांकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावलं, की नुसत्या कल्पनेला पेटंट नसतं. वस्तू नवी हवी, उपयोगी हवी आणि त्या कामातल्या माणसाला सहज सुचेल अशी नको. फक्त रूप नवं असेल तर त्याची डिझाइन म्हणून वेगळी नोंदणी. घाई असेल तर आधी तात्पुरता अर्ज करता येतो. पण अर्ज जाईपर्यंत शोध चारचौघांत दाखवायचा नाही.

हे शेवटचं मी फार मनावर घेतलं. तडक जाऊन तिच्या मशीनभोवती जाड पडदा लावला. (गिऱ्हाइकं विचारू लागली, आत कोण आजारी आहे?) त्या अंधारात तिने एका वकिलाच्या कोटाची डावी बाही उजवीकडे जोडली. पडदा सारून म्हणाली, "अहो शास्त्रज्ञ, घंटा ऐकू आली, कोट दिसला नाही!" सगळं दुकान हसलं. माझं डोकं फिरलं. ओरडलो, "माझी घंटा परत दे!" तिने घंटा काढून माझ्या हातावर ठेवली. "पडदाही न्या. तोंड लपवायला होईल."

तेव्हापासून त्या मुलीशी माझा काडीचा संबंध नाही. शोध माझा, अर्ज माझ्या एकट्याचा, असं ठरवून पुन्हा एजंटांकडे गेलो. त्यांनी घंटा उलटसुलट पाहिली. दोरा संपल्यावर वाजणाऱ्या घंटा पूर्वीच होऊन गेल्यात म्हणाले. यात नवं आहे ते दोऱ्यावर टेकलेलं हे बटण. दोरा कमी होईल तसं ते आत सरकतं आणि घंटा आधीच वाजते. हे कोणाला सुचलं? मी ते बटण बोटाने आत दाबून पाहिलं.

घरी सर्वांना नमस्कार.

तुमचा,
भाचा

ता. क. बटण तिचं. माझी घंटा दोरा संपल्यावर वाजायची. ती म्हणाली होती, "संपल्यावर बोंबलून काय उपयोग? आधी सांगायला हवं." मग स्वतःच्या शिवणाच्या डब्यातलं बटण काढून तिनेच ते घंटेच्या तारेवर बसवलं. शोधकर्त्यांत तिचं नाव हवंच, आणि तिची सहीसुद्धा. मामी इकडे आल्या की कपडे तिथेच शिवायला टाकतात ना? मला दुकानाची पायरी चढायची बंदी आहे.

आणखी एक. तिचं नाव सांगितल्यावर एजंटांनी सहज विचारलं, "या तुमच्या कोण?" मी पाणी मागितलं. म्हटलं, तिला विचारून सांगतो. मामींनी सहीबरोबर तेवढंही विचारावं. आणि जरा लवकर या म्हणावं. तिच्या लग्नाची बोलणी सुरू आहेत असं ऐकतो. बटण आत सरकतंय, मामा.