सुनीसाठी बदललेले दिवे

बुध. १२ नोव्हेंबर १९८६
सुनीला आणलं. जावईबापू स्वतः नाशिकहून मुलुंडला सोडून गेले. पोट चांगलंच खाली आलंय. घाटकोपरच्या डॉक्टरीणबाईंनी डिसेंबरचा पहिला आठवडा सांगितलाय.
जेवताना ह्यांनी जाहीर केलं, "दवाखान्यात मीच नेणार. दुपार असो, मध्यरात्र असो. रिक्षा नको, टॅक्सी नको. घरात गाडी आहे."
जावई खूश. "मग काय काळजीच नाही, बाबा."
मी भात वाढत होते. वाढतच राहिले. शेवटी सुनी म्हणाली, "आई, पुरे गं, डोंगर केलास."

शुक्र. १४ नोव्हें.
ह्यांचा हा हट्ट कुठून आलाय ते मला ठाऊक आहे. सुनीच्या वेळी आम्ही भांडुपच्या चाळीत. हे सेकंड शिफ्टला कारखान्यात. मला कळा सुरू झाल्या, वाहन मिळेना, शेवटी शेजारणींनी कोळशाच्या हातगाडीवर गोधडी घालून नेलं. मी त्यातला त्रास कधीच विसरले, हसून सांगतेसुद्धा. हे विसरले नाहीत. मी ती गोष्ट सांगायला लागले की हे उठून गॅलरीत जातात. कारखान्यातल्या साहेबांची जुनी फियाट विकायला निघाली तेव्हा कुणाला न विचारता घेऊन आले, ती त्याच पायी.
सुनीला हे सगळं माहीत आहे. बाकीचं माहीत नाही.

शनि. १५ नोव्हें.
संध्याकाळी सुनीला घेऊन तिच्या मावशीकडे. परतताना अंधार. मी नेहमीप्रमाणे पुढे डावीकडे. "सायकल आहे हो." "बाई चाललीय, मूल आहे हाताशी." "इथे खड्डा."
मागून सुनी हसत सुटली. "आईची क्रिकेटची कॉमेंट्री! बाबा, तुम्हाला वैताग नाही येत?"
हे म्हणाले, "सवय झाली."
दोन वर्षं झाली. दिवसा गाडी अशी चालवतात की बघत राहावं, बाजारातल्या गर्दीतून आरशाला ओरखडा न लागता बाहेर. दिवेलागण झाली की मी बोलायचं आणि ह्यांनी चालवायची. कधी ठरवलं नाही, कधी विषय काढला नाही. सिनेमाला अंधारात माझा खांदा धरतात, लोकांना वाटतं काय प्रेम आहे.
घरी आल्यावर म्हणाले, "लाइट फार मिणमिणता आहे गाडीचा. बल्ब बदलायला हवेत सुनीच्या आधी."

रवि. १६ नोव्हें.
सकाळपासून खाली. दाढीचं ब्लेड घेऊन दिव्यांच्या काचेवरचे काळे ठिपके खरवडले. समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून सगळ्याच गाड्यांना असतात ते. मी म्हटलं, पोलीस पकडेल. "पकडू दे. आधी मला दिसू दे."
मला दिसू दे म्हणाले. पहिल्यांदाच. मग स्वतःच चपापले आणि फडकं शोधायला लागले.

बुध. १९ नोव्हें.
नवे बल्ब बसले! हॅलोजन म्हणतात. भांडुपचा इलेक्ट्रिशियन म्हणाला म्हणे, जुन्याच्या दुप्पट उजेड. रात्री घाटात जाणाऱ्या ट्रकवाल्यांना हेच लागतात.
सातला आम्हा दोघींना खाली बोलावलं. बटण दाबलं तर समोरच्या बिल्डिंगची अख्खी भिंत पांढरीफटक. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी लावून घेतली. हे नवरदेवासारखे उभे. "बघ! आता सांग!"
खरं सांगते, मीही हरखले. बल्बच असतील, बल्बच असू देत असं मनात घोकत जिना चढले. माणूस किती वेडा असतो. घरात चाळीसचा दिवा लावलेला असतो, तरी हे दाराशी चपला पायाने चाचपतात. त्याला कुठला हॅलोजन लावणार?

शनि. २२ नोव्हें.
सुनीची तपासणी. सगळं ठीक, बाळाचं डोकं खाली. निघेपर्यंत सात. हे म्हणाले, हायवेने जाऊ, दिव्यांची परीक्षा होईल.
विक्रोळीच्या पुढे मिठागरं लागली, रस्त्यावर एक खांब धड पेटलेला नाही. आमचा उजेड लांबवर. समोरून येणारा प्रत्येक जण दिवे उघडझाप करून शिव्या घालत होता. एक ट्रकवाला तर मान बाहेर काढून आईबहिणीवर आला. मागे पोटुशी पोर बसलेली.
दुधाचे कॅन लावलेला एक सायकलवाला. भर उजेडात. मी वाट बघितली, बघितली. मग राहवेना. "सायकल!"
"दिसली, दिसली."
नव्हती दिसली. ब्रेकवर पाय माझ्या शब्दानंतर गेला. इतकी वर्षं शेजारी बसते मी, एवढं कळतं.
पुढे जळका वास. जुन्या वायरींना नवा भार सोसेना. जीव मुठीत धरून घरी. सुनी झोपी गेली होती, बरं झालं.

सोम. २४ नोव्हें.
जाड वायर टाकून घेतली, बरोबर एक छोटी डबी बसवली, तिला रिले म्हणतात. आता वास येत नाही. आता बल्बचं काही कारण उरलं नाही.
मी महिनाभर रोज गाजर, पपई, शेवग्याचा पाला चालवलाय. आज ताट सरकवून म्हणाले, "घोडा समजतेस का मला?"
सुनी हसली. मीही हसले. आत जाऊन उद्यासाठी शेवग्याचा पाला निवडायला घेतला.

गुरु. २७ नोव्हें.
आज जे केलं ते बरोबर की चूक, माहीत नाही. सुनी घरी. आम्ही दोघंच भांडुपला डिंक-खारीक आणायला. परतताना अंधार. ठरवून टाकलं, आज बोलायचं नाही. रस्ता मोकळा बघून, एक हात हँडब्रेकवर ठेवून, तोंड घट्ट मिटलं.
पहिल्यांदा काहीच नाही. मग गाडी हळू. अजून हळू. मागचे हॉर्न वाजवून पुढे जायला लागले. ह्यांची मान स्टिअरिंगवर वाकलेली, मुठी आवळलेल्या. समोर उजेड असा की सुई दिसावी. ह्यांच्या कपाळावर घाम.
एका पानाच्या टपरीशी कडेला घेतली. थांबवली. माझ्याकडे न बघता म्हणाले,
"बोल ना. गप्प का बसलीस?"
मी म्हटलं, "नवे बल्ब आहेत ना तुमचे."
ह्यांनी इंजिन बंद केलं. टपरीवरचा रेडिओ चालू. मग म्हणाले, "बल्ब चांगले आहेत गं. उजेड दिसतो. उजेडात काय आहे, ते दिसत नाही."
रडू फुटलं मला. ह्यांनी रुमाल दिला, तोही आधी माझ्या खांद्यावर लागला. मग गाडी सुरू केली आणि मी घरापर्यंत बोलत आले. इतकं कधीच बोलले नव्हते. कुत्रं, दगड, फुटपाथ, माणूस, माणूस, माणूस.

शुक्र. २८ नोव्हें.
सुनी दुपारी झोपली तेव्हा स्वयंपाकघरात हळू आवाजात.
मी: डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला.
हे: बाळंतपण होऊ दे.
मी: तोवर टॅक्सी.
हे: तू आहेस ना शेजारी. दोन वर्षं कुठे काय झालं?
तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतके दिवस कसं सुचलं नाही! "अहो, मी शेजारी कशी? पोर कळा देत मागे आडवी असेल. मी तिच्यापाशी बसणार ना?"
त्यांनाही नव्हतं सुचलं.
"तिला पुढे बसवू."
"नववा महिना आहे. काहीतरीच काय!"
"मग खालच्या कांबळीला घेऊ पुढे."
"आणि त्याला सांगणार काय तुम्ही? की तू बघ, मी चालवतो?"
तिथेच थांबलं. कांबळीला कळलं म्हणजे कारखान्यात कळलं. अजून तीन वर्षं नोकरी आहे. हे ताट तसंच ठेवून उठले.

रवि. ३० नोव्हें.
सुनीला सांगावं का? दिवसभर जिभेवर. ती बाबांना म्हणते, "बाबा, तुम्ही आहात म्हणून मला भीती नाही वाटत." हे ऐकल्यावर काय सांगू?
राग येतो ह्यांचा. स्वतःचाही. मी बोलले नसते तर दोन वर्षांपूर्वीच डॉक्टरकडे गेले असते. काळजी घेतली असं समजत होते, आणि करून काय ठेवलं!

बुध. ३ डिसें.
काल लिहायला जमलं नाही. काल दिवेलागणीला सुनी वातीला तूप लावता लावता भिंतीला टेकली. "आई, येतायत गं." दर थोड्या वेळाने. पिशवी भरलेलीच होती. हे किल्ली घेऊन खाली पळाले.
आम्ही उतरलो. पुढचं दार उघडं, मागचंही उघडं. हे मधे उभे. मी सुनीला मागे बसवलं, मांडीखाली उशी दिली. आणि बाहेर येऊन पुढच्या सीटकडे वळले. खरंच वळले होते मी. तिने मनगट धरलं. "आई, कुठे चाललीस? इथे बस ना."
ह्यांच्याकडे बघितलं. मग मागे बसले.
हे स्टिअरिंगपाशी बसले, गाडी सुरू केली, दिवे लावले. भिंत पांढरीफटक. इंजिन चालू. गाडी जागची हलेना. आरशात ह्यांचे डोळे. मी नुसती मान हलवली, नाही म्हणून.
"बाबा, चला ना!"
ह्यांनी दिवे बंद केले. किल्ली काढली. उतरून ओरडले, "कांबळी! टॅक्सी आण रे नाक्यावरून, धाव!"
कांबळी बनियनवरच बाहेर. "काय झाला? गाडी बंद पडली?"
"आण म्हणतो ना!"
टॅक्सीत हे ड्रायव्हरशेजारी. रस्ताभर "सावकाश, भाऊ, सावकाश." सुनीने कळ ओसरल्यावर विचारलं, "आपली का नाही काढली?"
मी पटकन म्हटलं, "बॅटरी गेली असेल."
पुढून आवाज आला, मागे न वळता. "बॅटरी ठीक आहे. मला रात्रीचं दिसत नाही, सुनी."
पुढे वाकून सुनीने ह्यांच्या शर्टाची कॉलर धरली, लहानपणी सायकलवर मागे बसून धरायची तशी. घाटकोपरपर्यंत सोडली नाही.
डॉक्टरीणबाईंनी तपासलं. खोट्या कळा. अजून आठवडा तरी जाईल, घरी न्या म्हणाल्या. त्याच टॅक्सीने परत.

गुरु. ४ डिसें.
हे आज रजेवर. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव मी कागदावर लिहून ठेवलं, त्यांनी तो कागद घडी करून खिशात टाकला. कधी जाणार, बोलले नाहीत. मी विचारलं नाही.
सकाळभर गाडी धुतली. मागच्या सीटवर जुनी चादर पसरली, खिडकीला ओढणी बांधली, ऊन लागू नये म्हणून. वर येऊन हात पुसत सुनीला म्हणाले, "दिवसा लागल्या कळा, तर मीच नेणार हं."
सुनी म्हणाली, "तुम्हीच न्यायचं, बाबा."
हिवाळ्याचे दिवस. सहाला अंधारतं. आज देवापुढे बसले तेव्हा मुलगा दे, मुलगी दे, काही मागितलं नाही. दिवसा होऊ दे म्हटलं, एवढंच.