रामसरला एकच खोली मिळाली

बुधवार, १८ मुर्दाद
मुर्दाद महिन्याचा उकाडा नको झालाय. उद्या पहाटे रामसर. डोंगर, समुद्र, संपूर्ण शांतता. सासूबाईंना यायचं होतं. सासरे गेल्यापासून त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. पण चालूसच्या घाटात त्या प्रत्येक वळणावर "फरामर्जजान, सांभाळून" म्हणतात. त्यानेच एखादा अपघात व्हायचा. म्हणून त्यांना सांगितलं, तिथे एकच खोली मिळाली. महवशला सांगितलं, तुझी आई नको म्हणाली, गुडघे दुखतायत. दोघींच्या भल्यासाठीच. याला खोटं नाही, मॅनेजमेंट म्हणतात.

गुरुवार, १९
घाटात भयंकर ट्रॅफिक. मागची सीट फारच रिकामी दिसत होती. वाटेत कलिंगडं घेऊन तिथे ठेवली. एका वळणावर ट्रक अंगावर आला. महवश झोपलेली. सांभाळून म्हणायला कोणी नव्हतं. किंचाळलो मीच.
बंगला उत्तम. खोल्या तीन. मालकीणबाई म्हणाल्या, "म्हातारं माणूस असेल तर ही खालची घ्या. पायऱ्या नाहीत, पलंगावरून समुद्र दिसतो."
त्या खोलीत कलिंगडं ठेवली. दार लावून घेतलं.

शुक्रवार, २०. सकाळ
महवशला आईला फोन करायचा होता. म्हटलं, डोंगरामुळे रेंज नाही. तेवढ्यात माझा फोन वाजला. ऑफिस. म्हटलं, फक्त इनकमिंग येतंय.
निश्चय: सासूबाईंसाठी नारिंगीच्या फुलांचा मुरंबा घ्यायचा. मोठी बरणी.

दुपार
दोन बरण्या घेतल्या. अक्रोडाच्या सारणाची बिस्किटं घेतली. शाल घेतली. महवश म्हणाली, "तुला आईचा एवढा पुळका कधीपासून?" आणि तिचे डोळेच भरून आले. मी ताटातला मासा तसाच ठेवून उठलो. ऊन लागलं असावं.
निश्चय: आज केबलकारमध्ये सगळं खरं सांगून टाकायचं.

संध्याकाळ
वर गच्च धुकं. अशा हवेत असल्या गोष्टी सांगू नयेत.

शनिवार, २१
मी अंघोळीला गेलो आणि महवशने फोन लावलाच. टॉवेल गुंडाळून धावत बाहेर आलो. फोन स्पीकरवर. ती विचारत होती, "आई, गुडघे कसे आहेत? यायला हवं होतंस."
मी फोनकडे हात नेला.
मग सासूबाई म्हणाल्या, "ठणकतायत गं. मीच नको म्हटलं ना त्याला."
गेल्याच आठवड्यात लिफ्ट बंद होती, तेव्हा त्या आमचे चार जिने चढून आल्या होत्या. हातात आशचं, म्हणजे घट्ट सूपचं, पातेलं घेऊन.
मग म्हणाल्या, त्याला दे जरा. आता झाडतील म्हणून फोन कानाला लावला. झाडलं असतं तर बरं झालं असतं.
"फरामर्जजान, समुद्र कसा आहे रे?"
आवाजात टोमणा शोधला. नव्हता.
म्हटलं, छान आहे.
"छान म्हणजे कसा? आम्ही दोघं आलो होतो तेव्हा हिरवट होता."
आल्यापासून मी समुद्राकडे धड पाहिलंच नव्हतं. टॉवेलवरच व्हरांड्यात गेलो. शेजारच्या बायकांनी तोंडं फिरवली. म्हटलं, हिरवटच आहे. लाटा लहान आहेत. एक आजोबा पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे आहेत, आजी काठावरून त्यांना ओरडतायत.
त्या हसल्या. म्हणाल्या, "अजून?"
अजून सांगितलं. बरंच सांगितलं.
नंतर महवशने विचारलं, आईशी एवढा वेळ काय बोलत होतास?
म्हटलं, हवापाणी.