टाके निघेपर्यंत

प्रिय ताई,

मला बसवत नाहीये, म्हणून लिहायला घेतलंय. आत दवाखान्याच्या बाकावर होते, तर शेजारच्या आजोबांनी हात जोडले. म्हणाले, बाई, तुमचा पाय जरा थांबवा, आमचा पोपट घाबरतोय. म्हणून बाहेर गाडीत येऊन स्टिअरिंगवर कागद धरलाय. घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. मालकीण आत आहे. काल तिचं ऑपरेशन झालं.

आईनं मांजरीचं नाव मालकीण ठेवलं आणि त्या बयेनं ते मनावर घेतलं. गाडीतही तोच तोरा. मी कारखान्यांतून शिलाई मशिनं दुरुस्त करत हिंडते आणि ही सुट्या भागांच्या खोक्यावर बसून माझ्यावर देखरेख करते. दोऱ्याला कधी तोंड लावलं नाही. आईच्या मशीनच्या फळीवर वाढलेली ना, तेवढी शिस्त होती. पण या आठवड्यात काम फार होतं, मी दिवसभर आत आणि ती गाडीत एकटी. कंटाळली असणार. दोन दिवस जेवली नाही, तोंडातून लाळ गळायला लागली, आणि मग मला तिच्या शेपटीखाली दोऱ्याचं टोक दिसलं.

ताई, माझा हात आपसूक गेला. दिवसभर तेच तर करते, टोक दिसलं की धरायचं आणि ओढायचं. जेमतेम बोटभर ओढला असेल, ती अशी ओरडली की अजून कानात आहे. तशीच गाडी हाणली. इथल्या डॉक्टरीणबाई तुझ्याच वळणाच्या, आधी रागावतात, मग विचारतात. म्हणाल्या, एक टोक जिभेखाली अडकलंय, दुसरं बाहेर. अजून ओढला असतात तर आतडं आतल्या आत चिरलं असतं. मी म्हणाले, तीन पदरी दोरा आहे, सहसा तुटत नाही. त्या म्हणाल्या, कौतुक नका सांगू.

जगेल म्हणतात. सकाळी तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू पगार कापणार आहे. मी बाहेर येऊन गाडीची काच पुसली, मग दुसरी पुसली, मग हवा भरून आले. मघाशी बाईंनी बोलावून विचारलं, राहता कुठे? म्हटलं, गाडीत. मांजर कुठे राहतं? गाडीत. मग गाडी कुठे राहते? आई म्हणायची ना, हिच्या पायाला भिंगरी आहे. लहानपणी मला ते कौतुक वाटायचं.

आई गेल्यानंतर स्वयंपाकघरात तू म्हणालीस, तुला जाणं बरं जमतं गं. भांडी घासता घासता, पाठ न वळवता. तेव्हापासून आपण फोनवर फक्त गावं बोलतो. तू विचारतेस कुठे आहेस, मी गाव सांगते, तू म्हणतेस ऊन आहे का, मी म्हणते आहे. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण अंथरुणावरच्या आईला कुशीवर वळवणारे हात तुझे होते, माझे नव्हते, हे मला तेव्हाही कळत होतं. निघताना तूच मालकीणला गाडीत आणून ठेवलंस. तुझा तिच्यावर किती जीव, मला काय माहीत नाही? मी नको म्हटलं तर दार लावत म्हणालीस, निदान हिच्यासाठी तरी कुठेतरी थांबशील. मी दोन वर्षांत थांबले नाही. तीच माझ्याबरोबर हिंडायला शिकली.

मध्ये एकदाच तू सहज म्हणालीस, आईचं मशीन अडकलंय, चाकच फिरत नाही. मी विषय बदलला. गावोगावची मशिनं उघडून बसते, पण त्या एका मशीनचं झाकण काढायचं म्हटलं की मला तेलाच्या वासाआधी आईचा वास येतो.

आता ज्यासाठी लिहिलंय ते. उद्या तिला सोडतील. एकदा हळू चालवत न्यायला हरकत नाही, पण गाडीत ठेवायची नाही, रोज हादरे बसले तर टाके उसवतील, असं बाईंनी बजावलंय. एक खोली, एक मऊ जागा आणि रोज तेच ते माणूस डोळ्यांसमोर हवं म्हणाल्या. कारखान्याचा मालाचा टेम्पो रोज तुमच्या गावाला येतो, ड्रायव्हरच्या हाती हे पत्र देतेय, कारण फोनवर मी पुन्हा उन्हाबद्दलच बोलेन. आईच्या खिडकीखालची जागा रिकामी आहे का? टाके निघेपर्यंत आम्हाला ठेवशील का, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. टाके निघाल्यावरही मला जायचं नाहीये, ताई. आमची गाडी तुझ्या फाटकातून आत मावणार नाही, बाहेरच राहील. मी मात्र मावेन. फोन कर. आणि या वेळी कुठे आहेस असं विचारू नकोस, कधी येतेस ते विचार.

तुझ्या फोनची वाट बघत एका जागी बसलेली,
तुझीच,
भिंगरी