बुढा टीव्हीवर रडला

४ नोव्हेंबर

नाई म्हणजे नाई! बुढ्याले सांगून टाकलं — रिचार्ज भेटणार नाई. पहिले चिल्लर टाकली तरी फोन जिवंत राहे. आता पुरा पॅक मारा, नाई तर साधा मिस कॉल जात नाई. आमच्या गावात अर्धं बोलणं मिस कॉलवरच चाले — एक रिंग म्हणजे 'बरं आहे', दोन म्हणजे 'तू लाव'.

पण हा बोलतो कोणाशी? आमच्या पोरीनं, दिव्यानीनं, सिरोंच्याच्या तेलुगू पोराशी लगन केलं, तेव्हापासून 'मले पोरगीच नाई' म्हणून बसला आहे. मी बाजाराच्या दिवशी धानोऱ्याले नूरुद्दीनभाऊच्या मोबाइल दुकानातून तिच्याशी बोलून घेते. मंग याच्या फोनच्या डब्ब्याले कायले पोसू?

पहिले रोज सांजेले फोन खिशात टाकून टेकडीवर जाय. "बैल पाहून येतो." बैल गोठ्यात! तंबाखूचा खर्रा खायले जात असन लपून. पॅक संपल्यापासून मात्र बैलाची आठवणच नाई. ओसरीवर तोंड पाडून बसतो.

११ नोव्हेंबर

टीव्हीवाले आले! मुंबईचे! मोबाइल कंपन्या कशा लुटतात त्याचा माहितीपट काढून राह्यले. नूरुद्दीनभाऊनं आमचं घर दाखवलं. बुढ्याले पाहूनच त्यांची बाई खूश — तोंडच जन्माचं गरिबाचं! फटफटी मागं लपवाले लावली. मी नवी साडी नेसून आली, तर म्हणे, "ताई, रोजचीच नेसा ना." घ्या! साऱ्या महाराष्ट्रात मी विटक्या साडीत!

बाईनं इचारलं, "काका, दर वाढल्यानं तुमचं काय नुकसान झालं?"

बुढा मंग म्हणे, "पोरगी सिरोंच्याले आहे जी. आता तिची खबर नाई समजत." आन् ढसाढसा रडला! मी तोंडाले पदर लावला. हसू आवरत नव्हतं. बाईले वाटलं मीही रडून राह्यली. तेही घेतलं क्यामेऱ्यात.

१२ नोव्हेंबर

म्हटलं, "घरात पोरीचं नाव नाई आन् क्यामेरा पाहून पाझर फुटला! मंडईच्या जत्रेतल्या नाटकात काम कराले जा." बुढा ताटावरून उठला.

३० नोव्हेंबर

शेजारच्या दुर्गाच्या घरी टीव्हीसमोर अख्खा मोहल्ला. कंपनीचा टायवाला म्हणे, दर वाजवी आहेत. दुर्गानं त्याच्या सात पिढ्या काढल्या! मंग आमचा बुढा आला, रडला. साऱ्या बाया डोळे पुसून राह्यल्या. मी हसली. एकटीच. बुढा उठून घरी निघून गेला.

३ डिसेंबर

बाजार. नूरुद्दीनभाऊ म्हणे, "वच्छलाबाई, तुमच्या पत्रूभाऊच्या नंबरवर सालभराचं रिचार्ज पडलं ना! तुमच्या पोरीनं मारलं."

तिथूनच फोन लावला. म्हटलं, "पैसे उतू आले काय वं? तुझ्या बापाचं नाटक होतं ते!"

दिव्यानी म्हणे, "नाटक नाई, आई. बाबा रोज सांजेले मले मिस कॉल देत. एकच रिंग. मंग मी एक रिंग देवो. बोललो एकदाही नाई. पॅक संपला आन् त्याईची रिंग बंद झाली. माझाही लागेना. तू फोनवर 'बरा आहे' म्हणे, तरी मले वाटलं, बाबा आजारी पडले का काय, तू लपवून राह्यली. मंग टीव्हीवर दिसले, तवा पॅकचं समजलं."

म्हटलं, "मले काऊन नाई सांगितलं?"

"तू चिडवलं असतं त्याईले. मंग तेही बंद झालं असतं."

भाजी न घेताच घरी आली. रस्ताभर रडू येऊन राह्यलं. खरोखरचं.

४ डिसेंबर

सांज झाली. बुढा उठला, फोन खिशात टाकला. "बैल पाहून येतो."

बैल समोरच, गोठ्यात, रवंथ करून राह्यला होता.

म्हटलं, "या जी पाहून."