पितळी पाटीखालचं अक्षर

भूम,
१७ नोव्हेंबर २०२५

आदरणीय महालिंगप्पा काका,

मिनाजचा सलाम. काकूंना आणि घरच्या सगळ्यांना नमस्कार सांगा.

मी क्लबातल्या बिलियर्डच्या टेबलावर गुण मांडणाऱ्या दादामियाँ मार्करची थोरली. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आता पंचावन्नची आहे, इथं भूमला शाळेत शिकवते. आमच्या शाळेतल्या वैष्णवीबाई तुमच्या मुरूमच्या. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, असं त्यांच्याकडून कळलं, म्हणून अक्षर जरा मोठं काढतेय. पत्ताही त्यांनीच दिला.

अब्बांना जाऊन सहा वर्षं झाली. माझा धाकटा भाऊ समद, तुमच्यासमोर रांगायचा तो, त्यानं यंदा धाराशिवला स्नूकरचा हॉल काढला. नाव अब्बांचंच दिलं. आत गेलं की समोर काचेच्या पेटीत बिलियर्डची जुनी काठी दिसते. हल्लीची पोरं क्यू म्हणतात. आपल्या क्लबात सगळे काठीच म्हणायचे, मीही तेच लिहिते.

त्या काठीबद्दलच लिहायचंय. आधीचे दोन फाडले, हा तिसरा कागद घेतलाय.

हॉल उघडण्याआधी समदला काठी अस्सल असल्याचा दाखला हवा होता. त्यानं ऑगस्टमध्ये पुण्याहून श्रीशैल स्वामी म्हणून एकांना बोलावलं. जुन्या काठ्या कुठल्या, कधीच्या, खऱ्या की बनावट, हे पारखण्यात त्यांची हयात गेली आहे. शाळेला सुट्टी होती, मीही गेले होते.

त्यांनी आधी काठी टेबलावर घरंगळत सोडली, कुठं वाकलीय का बघायला. मग भिंग घेऊन बुडाशी बसले. तिथं काळं लाकूड पुढच्या फिक्या लाकडात चार टोकांनी बसवलेलं असतं. चारही टोकं सारखी नव्हती. एक आखूड, एक जरा तिरकं. मला वाटलं, नकली निघाली. ते हसले. "मॅडम, हेच हातकाम. मशीनवर चारी सारखी येतात. काठी विलायती आहे, शंभरीला आलेली." समदला काय करू आणि काय नको असं झालं.

मग त्यांनी बुडावरच्या पितळी पाटीला हात लावला. 'दादामियाँ शेख यांस सप्रेम भेट, १९७९.' क्लबात खेळायला येणारे साहेब बदली होऊन जाताना स्वतःची काठी अब्बांना देऊन गेले, ही हकीकत आम्ही प्रत्येक ईदला ऐकत मोठे झालो.

"पाटी बसवायला एवढं लाकूड तासावं लागत न्हाय," श्रीशैल म्हणाले, आणि त्यांनी स्क्रू काढले. पाटीखाली बॅटरीचा निळा उजेड टाकला. तासूनसुद्धा एक खोल कोरलेलं अक्षर पुरतं गेलं नव्हतं. श्रीशैल मूळचे अक्कलकोटचे, कानडी घरातले. त्यांना ते लगेच वाचता आलं.

"कानडी आहे. म."

क्लबात कानडी लिहिणारे तुम्ही एकटेच होतात, काका.

मी क्लबातल्या बब्रुवान माळ्यांकडं गेले. ते अजून आहेत, सगळं आठवतं त्यांना. साहेबांनी काठी तुम्हाला दिली, तेव्हा अब्बा शेजारीच उभे होते. आठ दिवसांत ती क्लबातून गेली. काठी क्लबाची होती, तुम्हीच ती विकली, असं ठरवून कमिटीनं तुम्हाला काढलं. अब्बांना साक्षीला बोलावलं, तर ते म्हणाले, "साहेबांनी दिली का न्हाय, मला ठाऊक न्हाय." अब्बा तुमच्याहून सहा वर्षं जुने नोकर होते. तरी काठी तुम्हाला मिळाली, ते त्यांना सलत असेल. मी त्यांची बाजू घेत नाही.

समद मला म्हणाला, "आपा, पाटी परत बसवू. दाखल्यात काठी अस्सल एवढंच राहू दे. साहेबांनी अब्बांना देताना तू पाहिलंस, एवढी सही कर."

सही मी केली नाही. पण तोंडही उघडलं नाही. सप्टेंबरात उद्घाटन झालं. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

का गप्प बसले, ते आता लिहिते.

काठी घरी आली ती दुपारी, सतरंजीत गुंडाळून. मी दारातच खेळत होते. अब्बांनी ती पलंगाखाली सरकवली आणि माझ्यासमोर उकिडवे बसून म्हणाले, "कुणी विचारलं तर काठी-बिठी बघितली न्हाय म्हणायचं." दोन दिवसांनी तुम्ही आलात. माझ्या हातावर फुटाण्याची पुडी ठेवलीत आणि विचारलंत, "मिनाज, अब्बांनी घरी लांबडं काही आणलंय का गं?"

मी न्हाय म्हणाले.

अब्बा घरातच होते काका, पडद्यामागं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "पोरगी खोटं बोलायची न्हाय," आणि निघून गेलात. पुन्हा आला नाहीत. त्या ईदला अब्बांनी मला मनगटी घड्याळ घेतलं. बारावीपर्यंत मी ते घालत होते, मैत्रिणींना दाखवत होते.

चोरीचं मी एखाद वेळी पोटात घातलंही असतं. पण तुमच्यासमोर यायची त्यांना हिंमत झाली नाही, म्हणून त्यांनी मला दारात उभं केलं. स्वतःच्या नऊ वर्षांच्या लेकीला. आणि पुढं चाळीस वर्षं मलाच शेजारी बसवून साहेबांची हकीकत सांगत राहिले. मीही इतक्यांदा ऐकली की सतरंजी, पलंग सगळं खोटं आणि हकीकत खरी वाटायला लागली. श्रीशैलनी अक्षर वाचलं, तेव्हा मला आधी तुमचा हात आठवला.

काल रविवारी समदकडं गेले आणि हे सगळं त्याला सांगितलं. तो ओरडला, "अब्बांना कबरीतून उठवून जबाब घ्यायचाय का?"

"त्यांचा न्हाय. माझा द्यायचाय."

तो गल्ल्याकडं गेला, किल्ली घेतली. मग त्यानंच पेटीचं कुलूप काढलं आणि बाहेर निघून गेला. आज दोनदा फोन केला, उचलत नाही.

काठी माझ्याकडं आहे. सोबत श्रीशैल स्वामींकडून मी मागून घेतलेला पुरा कागद आहे: काठी अस्सल, पाटी नंतरची, खाली कानडी म. त्याच्यामागं मी पाहिलेलं आणि बोललेलं सगळं लिहून सही केली आहे. ज्यांनी ज्यांनी तुम्हाला चोर म्हटलं, त्यातलं कुणी उरलं असेल तर त्यांना दाखवा. तुमच्या मुलांना नक्की दाखवा.

मी यावं की नको, एका ओळीचं कार्ड टाका. माझं तोंड बघायचं नसेल तर वैष्णवीबाई काठी पोचवतील. माफी मागत नाही. ती मागून तुम्हाला अडचणीत टाकणं बरं दिसणार नाही.

लग्नानंतर माझं नाव वेगळं आहे. पण हा जबाब आहे, म्हणून खाली बापाचं नाव लावते.

मिनाज दादामियाँ शेख