मास्तरचे पंचेचाळीस दिवस

६ जानेवारी

मास्तर आज तिसऱ्या दिवशीही गप्प. पिसं फुलवून कोपऱ्यात बसलाय, डोळे अर्धे मिटलेले. दाणे तसेच. शेवटी पिंजऱ्यावर आईची शाल टाकली आणि रिक्षाने आई आणि मी पक्ष्यांच्या दवाखान्यात गेलो.

नाझिया मॅडमनी त्याला टॉवेलमध्ये धरून तपासलं. पोपटांचा संसर्ग आहे म्हणाल्या. अँटिबायोटिक — पंचेचाळीस दिवस! "बरा दिसला म्हणून थांबवायचं नाही, तृप्ती." मग आमच्याकडे बघून, "हा माणसांनाही होतो. घरात कुणाला ताप, खोकला? असेल तर याला इथेच ठेवून घ्यावं लागेल."

आम्ही नाही म्हणालो. आई तर दोनदा म्हणाली.

७ जानेवारी

भिंतीवर तक्ता लावला. पंचेचाळीस चौकोन, रोज एक बरोबरची खूण.

बाबा वर्कशॉपमधून आले, चप्पल न काढताच तक्त्यापुढे उभे राहिले. "आपल्यात दोन गोळ्या खायच्या. बरं वाटलं की उरलेल्या देवाच्या फोटोमागं."

म्हटलं, आता तसं चालणार नाही. एवढी शिकले ती काय पदवी भिंतीला टांगायला? बाबा हसले. पण खूण करायला पेन त्यांनीच मागितलं.

८ जानेवारी

मास्तर खरं तर आमचा नव्हे. बाबांचे आधीचे शेठ गाळा विकून सुरतला गेले, तेव्हा हा राखाडी, लाल शेपटीचा परदेशी पोपट बाबांच्या हातात देऊन गेले. मान खाली घालून गंभीरपणे फेऱ्या मारतो म्हणून आईने त्याचं नाव मास्तर ठेवलं. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, बाबांच्या गाडीची किक — सगळं हुबेहूब! एकदा बेल ऐकून बाबा तीनदा दार उघडायला गेले होते.

दिवसभर घरात आई आणि तो, दोघंच. काय बोलतात देव जाणे.

आता घरात किती शांत आहे.

१० जानेवारी

औषध कडू आहे. तो थुंकतो. आज युक्ती सापडली — दूध-पोळीत कालवून दिलं. खाल्लं!!

आई म्हणाली, "दुधात चालतं का गं? मॅडमला विचार की."

"अगं, ती बीएस्सी हाय," बाबा म्हणाले. "तिला काय विचारायला लावती?"

मी विचारलं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. मास्तरने तिळाचा एक दाणा उचलला आणि टाकून दिला.

आई हल्ली नळ पूर्ण सोडून भांडी घासते. धो धो! मी ओरडले — किती पाणी वाया जातं, दोन वाट्या घासायला एवढं लागतं का? "हो बाई, तू लय हुशार," म्हणाली. नळ तसाच.

१७ जानेवारी

वजन आणखी तीस ग्रॅमने घटलं. मॅडमनी विचारलं, औषध कसं देतेस? मी अभिमानाने सांगितलं.

त्या म्हणाल्या, "दुधातलं कॅल्शियम या औषधाला धरून ठेवतं. पोटात गेलं, पण अंगी लागलं नाही." म्हणजे आठवडाभराचं औषध जवळजवळ फुकट. पुन्हा पहिल्या दिवसापासून. "आता पुढचे आठ दिवस काढले पाहिजेत त्याने."

रिक्षात आई काही बोलली नाही. 'मी म्हटलं होतं ना, विचार,' असंही नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

१८ जानेवारी

तक्ता फाडला. नवा केला. रिकामे पंचेचाळीस चौकोन बघून रडू आलं.

बाबा शेजारी येऊन बसले. "तुझं चुकलं ते तुला कळलं तरी. आमचं चुकतं तेच कळत नाय." मग म्हणाले, "इचारत जा. शिकलेल्यानं तर जास्तच इचारावं."

आजपासून विचारल्याशिवाय काही करायचं नाही. वहीत लिहून ठेवते.

२२ जानेवारी

गारठा फार. पिंजऱ्याला चादर आणि बाजूला पिवळा बल्ब, सारखा. आई त्याला टॉवेलात धरते, मी ड्रॉपरने चोचीच्या कडेने थेंब सोडते. मॅडमनी सांगितलेला मास्क लावून पाचच मिनिटांत आई बाहेर पळते. "गुदमरतं गं त्यात." मी म्हटलं, नियम म्हणजे नियम!

२५ जानेवारी

आठ दिवस काढले.

२८ जानेवारी

द्राक्षाचा अर्धा मणी खाल्ला!!! बाबांनी गल्लीभर सांगितलं, जणू मीच पुन्हा पास झाले.

३१ जानेवारी

वजन चाळीस ग्रॅमने वाढलं. मॅडम पहिल्यांदा हसल्या. पण तो अजून बोलत नाही. घाबरत घाबरत विचारलं — आवाज गेला का? "येईल. एवढ्यात जे सगळ्यात जास्त ऐकलंय, ते आधी म्हणेल."

आई दाराशी उभी होती. "घरी जाऊ चल," म्हणाली. एवढी घाई कसली होती तिला?

३ फेब्रुवारी

मास्तर बोलला.

आधी नळाचा आवाज. धो धो. मी जाऊन पाहिलं — नळ बंद होता. मग खोकला. कोरडा, लांबलचक, थांबता थांबेना. मग आईच्या आवाजात, अगदी हळू —

"तृप्तीला सांगायचं नाय हं, मास्तर. तुला घेऊन जातील."

आई ओट्यापाशी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. तिने मागे वळून पाहिलं नाही.