नैवेद्याचं मीठ

नाशिक

प्रिय आई,

रागावली असलीस तरी नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. जेवण वेळेवर होतं, काळजी नको.

हो, नोकरीत मी वाइन चाखते. घोट तोंडात घोळवून थुंकते. काल हॉटेलात कोणती वाइन ठेवायची, त्याची निवड होती. मी विंचूरच्या एका छोट्या बागायतदाराची, सांजोवेसे नावाच्या द्राक्षाची लाल वाइन धरून बसले. "हे नाव कोणाला माहितीय?" आमचे साहेब म्हणाले. म्हटलं, "आधी वास तर घ्या." तीच ठरली. साहेब अजून घुश्शात आहेत. असू देत.

देवाआधी चाखायचं नाही, म्हणून तू नैवेद्याचं मीठ वासावरूनच ओळखतेस. मीही आधी तेच करते.

बाबांचा खोकला थांबला का?

मी रसाच्या कारखान्यात आहे, असं आता शेजाऱ्यांना सांगू नकोस. वाइन चाखते म्हणून सांग. कुठे शिकली विचारलं, तर आपलं स्वयंपाकघर दाखव.

तुझीच हट्टी,
मृण्मयी